पिवळ्या धातूचे दागिने

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पोलिसांचा पंचनामा तुम्ही कधी वाचला असेल, तर त्यात एक ठरावीक शब्दप्रयोग तुम्हाला आढळला असेल. 'पिवळ्या धातूचे मंगळसूत्र एक', 'पिवळ्या धातूच्या बांगड्या चार'. 'सोनं' म्हणायला पंच सहसा तयार नसतात. मी कविता लिहितो, त्यामुळे तरुणपणी मला या भाषेचं हसू यायचं. वाटायचं, काय ही रुक्ष माणसं! एवढं झगझगीत सोनं समोर आहे आणि हे म्हणतात पिवळा धातू. पण पुढे पोटासाठी एका बँकेत चिकटलो, सोनेतारणाच्या टेबलावर बरीच वर्षं बसलो, आणि लक्षात आलं की दागिन्यांबद्दल इतकं प्रामाणिक वाक्य दुसरं नाही. डोळ्यांना दिसतो तो फक्त रंग. सोनं आहे की नाही, हे नंतर ठरतं.

हे मी कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. माझ्या थोरल्या बहिणीमुळे शिकलो.

आमच्या घरी दखनी बोलतात आणि थोरल्या बहिणीला आपा म्हणतात. आपाचे यजमान काही वर्षं आखाती देशात नोकरीला होते. १९९० साली ते परत आले तेव्हा आपासाठी चार बांगड्या घेऊन आले. नाजूक नक्षीच्या, लखलखीत. तिकडे कुणा ओळखीच्याकडून घेतलेल्या. दाजी सोन्यातले जाणकार नव्हते, पण त्यांनी एक गोष्ट बघून घेतली होती. प्रत्येक बांगडीच्या आतल्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत शिक्का होता : '१८के'. अठरा कॅरेट. झालं! घरात सगळ्यांनी आळीपाळीने त्या बांगड्या उन्हात धरून शिक्का वाचला. मीसुद्धा वाचला. चारही मिळून वजन ३० ग्रॅम भरलं.

२००६ साली भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायची वेळ आली. आपा बांगड्या रुमालात बांधून थेट माझ्या टेबलावर आली. मीच तिचा अर्ज लिहिला. बँकेने नेमलेले सराफ आतल्या खोलीत बसत. वयस्कर गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी बांगडी हातात घेतली, किंचित वरखाली केली, डोळ्याला भिंग लावलं आणि मला आत बोलावून घेतलं.

"कविराज, शिक्का वाचलाय ना तुम्ही?"

"वाचलाय की. अठरा कॅरेट."

"त्याच्या पुढची दोन अक्षरं?"

मी भिंग लावलं. '१८के'च्या पुढे, नक्षीच्या घडीत गेलेली, आणखी दोन अक्षरं होती : 'जी. पी.' म्हणजे गोल्ड प्लेटेड. आपल्या भाषेत सोन्याचं पाणी दिलेली. म्हणजे अठरा कॅरेट होतं ते वरचं पाणी. आत पितळ. सराफांनी एका बांगडीच्या आतल्या कडेला कानशीचा एक हलका हात मारला, तिथे रंग बदलला, आणि विषय संपला.

श्रोतेहो, यात खोटं कुणी बोललंच नव्हतं. शिक्का खरा होता. तो पूर्ण वाचायला आम्हाला सोळा वर्षं लागली. बाहेर बाकावर आपा पाण्याचा पेला हातात धरून बसली होती, आणि तिला जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं.

तिने ऐकून घेतलं. थोडा वेळ गप्प बसली. मग गळ्यातली बोरमाळ काढून माझ्यापुढे ठेवली. आमच्या आईची, तिच्या १९६१ सालच्या लग्नातली. गावच्या सोनाराने घडवलेली. तिच्यावर एकही शिक्का नव्हता, एकही अक्षर नव्हतं. सराफांनी ती कसोटीवर घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला आणि मान हलवली. एकवीस कॅरेटच्या आसपास. मण्यांत लाख भरलेली होती, तिचं वजन त्यांनी वजा केलं, आणि उरलेल्या सोन्यावर भाचीची फी निघाली.

शिक्का होता ते सोनं नव्हतं आणि ज्यावर शिक्काच नव्हता ते सोनं होतं. मग शिक्क्याला काही अर्थच नाही का? आहे, फार मोठा आहे. पण तो वाचता आला पाहिजे. आज मला तेवढंच सांगायचं आहे.

आधी कॅरेट म्हणजे काय ते पाहू. चोख सोन्याचे आपण चोवीस भाग मानतो. जुनी माणसं चोख सोन्याला बावनकशी म्हणत. नुसतं चोख सोनं मऊ असतं, त्याचा दागिना वाकतो, झिजतो. म्हणून त्यात तांबं, चांदी मिसळतात. बावीस भाग सोनं आणि दोन भाग इतर धातू असले की बावीस कॅरेट. हाच हिशेब हजारात केला की तीन आकडी संख्या येते. हजारात ९१६ भाग सोनं म्हणजे बावीस कॅरेट, ७५० म्हणजे अठरा आणि ५८५ म्हणजे चौदा. आखातातल्या दागिन्यांवर पुष्कळदा ८७५ दिसतं, ते एकवीस कॅरेट. आणि ९२५ दिसलं तर हुरळून जाऊ नका. तो आकडा चांदीचा आहे. वर सोन्याचं पाणी असेल, पण वस्तू चांदीची.

आता आकड्यांच्या मागेपुढे येणारी अक्षरं. आमचं घर तिथेच फसलं. 'जी. पी.' म्हणजे सोन्याचं पाणी. 'जी. ई. पी.' किंवा 'एच. जी. ई.' म्हणजेही विजेच्या साहाय्याने चढवलेलं पाणीच, दुसऱ्यात थर जरा जाड. 'जी. एफ.' म्हणजे पितळेसारख्या धातूवर सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला. त्यावर 'एक-विसांश १४के' अशा धर्तीचा अपूर्णांक असतो. बहुधा तो १/२० असतो. याचा अर्थ, वस्तूच्या वजनाचा विसावा हिस्सा चौदा कॅरेटचं सोनं, बाकी एकोणीस हिस्से दुसरा धातू. आपल्याकडे पूर्वी जे 'रोल्ड गोल्ड' मिळायचं, घड्याळाचे पट्टे, चष्म्याच्या काड्या, ते याच जातीचं. तेव्हा आकड्यापाशी थांबू नका. आकड्यानंतर काय लिहिलंय ते वाचा.

हे झालं बाहेरच्या मालाचं. आपल्याकडच्या शिक्क्याची गोष्ट वेगळी आहे. आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क सुरू केला तो २००० साली. त्याआधी सगळा कारभार सोनाराच्या शब्दावर. शब्द पाळणारे सोनार गावोगाव होते, म्हणून तर आईची बोरमाळ उतरली. पण सगळेच तसे नव्हते. शिवाय मधे एक काळ असाही आला की सरकारनेच चोख दागिने घडवायला बंदी केली. चीनच्या युद्धानंतर, १९६३च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही असा नियम झाला. कितीतरी कारागिरांच्या शेगड्या विझल्या. चौदा कॅरेटची सक्ती काही वर्षांत उठली, पण नियंत्रणाचा कायदा पुढे १९९०पर्यंत होता. आमचे अब्बा म्हणत, "लग्न दोन वर्षं लांबलं असतं, तर तुमच्या आईची बोरमाळ चौदा कॅरेटची झाली असती." तेव्हा त्या काळातला दागिना घरात असेल आणि कमी कसाचा निघाला, तर सोनाराला लगेच चोर ठरवू नका. तो कदाचित कायदा पाळत होता.

हॉलमार्कची खूणही काळाप्रमाणे बदलत गेली आहे. सुरुवातीच्या दागिन्यांवर पाच खुणा असत : ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, वर्षाचं अक्षर आणि सराफाची खूण. २०१७पासून वर्षाचं अक्षर गेलं आणि आकड्याबरोबर कॅरेटही लिहायला लागले, '२२के९१६' असं. १६ जून २०२१पासून पहिल्या टप्प्यात देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून तीनच खुणा उरल्या. त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि अक्षर-आकड्यांचा मिळून सहा जागांचा एक क्रमांक. या क्रमांकाला 'एचयूआयडी' म्हणतात. प्रत्येक नगाचा क्रमांक वेगळा, माणसाच्या आधार क्रमांकासारखा. १ एप्रिल २०२३नंतर हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही.

या क्रमांकाचा फायदा असा की तो तुम्हाला स्वतःला तपासता येतो. 'बीआयएस केअर' नावाचं ॲप फोनवर घ्यायचं, त्यात सहा अक्षरं टाकायची. दागिना कोणत्या प्रकारचा, किती शुद्धतेचा, कोणत्या केंद्रात तपासला, हे समोर येतं. तुमच्या हातात अंगठी असेल आणि ॲप म्हणत असेल कानातलं, तर दुकानातून उठायच्या आधी विचारा. घरी आल्यावर विचारण्यात अर्थ नाही. हॉलमार्क असूनही सोनं कमी निघालं तर नुकसानभरपाईची तरतूद आहे. शुद्धतेत जी तूट येईल तिच्या किमतीच्या दुप्पट आणि वर तपासणीचा खर्च. पण त्यासाठी हातात पक्की पावती पाहिजे. पावतीवर वजन, कॅरेट आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यायला लाजू नका. 'आपल्यात कसली पावती' असं म्हणणारा माणूस कितीही गोड असला तरी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. नुसतं '९१६' कोरलेलं आहे, पण त्रिकोण नाही आणि सहा जागांचा क्रमांकही नाही, तर तो करणाऱ्याचा स्वतःचा दावा. खरा असेल, खोटा असेल. त्याच्या मागे ब्यूरो उभा नाही. दुसरं, 'के. डी. एम.' पुष्कळ बायका मला सांगतात, "आमचं साधं नाही, के. डी. एम. आहे." हा शुद्धतेचा शिक्काच नव्हे. के. डी. एम. म्हणजे कॅडमियम. दागिन्याचे सांधे जोडायला डाक लावतात, त्यात पूर्वी तांबं-चांदी जास्त घालत, त्यामुळे दागिना वितळवला की कस उतरायचा. कॅडमियमचा डाक वापरला की कस टिकायचा. पण त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांत जायचा. म्हणून तो बंद करण्यात आला. आपल्या गळ्यातल्या सोन्यापायी दुसऱ्याची छाती जाळणारी ती अक्षरं मिरवण्यासारखी नाहीत.

आणि जुने, शिक्का नसलेले दागिने? ते बेकायदा झाले अशी एक अफवा मधे उठली होती. तसं काही नाही. सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, तुमच्या घरातल्या डब्यावर नाही. तुम्ही ते ठेवू शकता, मोडू शकता, आणि थोडं शुल्क भरून हॉलमार्क केंद्रात तपासूनही घेऊ शकता.

तपासणीचे प्रकारही माहीत असावेत. कसोटीचा दगड अनुभवी हातात चांगला, पण तो वरचं सांगतो. म्हणून पाणी दिलेल्या वस्तूला सराफ आधी कानस लावतो. दुकानातलं कॅरेट दाखवणारं यंत्र झटपट आकडा देतं, पण तेही पृष्ठभागच वाचतं. जाड थराने ते चकू शकतं. शेवटचा निकाल आगीचा. दागिन्याचा कण शिशात गुंडाळून भट्टीत घालतात. हिणकस धातू मुशीत शोषले जातात. उरलेली चांदी तेजाबाने काढतात आणि राहिलेलं सोनं तोलतात. अग्निपरीक्षा हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातले गलाई बांधव हीच विद्या घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यांत गेले. दुष्काळी मातीत पिकलं नाही, म्हणून त्यांनी परमुलखात भट्ट्या पेटवल्या आणि लोकांच्या सोन्यातलं हीण काढलं.

घरच्या घरी एक गोष्ट मात्र कुणालाही करता येते. हातात घेऊन वजनाचा अंदाज. पितळेपेक्षा बावीस कॅरेटचं सोनं दुपटीहून जड असतं. आपाच्या बांगड्या त्याच मापाच्या, अठरा कॅरेटच्या असत्या, तर ३० नव्हे, ५० ग्रॅमच्या पुढे भरल्या असत्या. सराफांनी बांगडी वरखाली केली ती यासाठी. आम्ही सोळा वर्षं त्या उन्हात धरून पाहिल्या, तळहातावर तोलून पाहिल्या नाहीत.

आता कळीचा प्रश्न. पाणी दिलेल्या दागिन्याची किंमत किती? सोन्यापुरतं बोलायचं तर हिशेब करून पाहू. साधारण बांगडीचा सगळा पृष्ठभाग ३० चौरस सेंटिमीटर धरा. पाण्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पूर्ण एक मायक्रॉनचा चोख थर दिला, तरी एका बांगडीवर सोनं बसतं ५८ मिलिग्रॅमच्या आसपास. जुन्या मापात अर्धी गुंज. चार बांगड्यांवर दोन गुंजा. तोळ्याच्या ९६ गुंजा, त्यातल्या दोन. बाजारातलं पुष्कळसं पाणी याहूनही पातळ असतं. ते सोनं खरवडून काढायला जेवढा खर्च येईल तेवढंही सोनं बहुधा निघत नाही. म्हणून सराफ ते विकत घेत नाही, बँक तारण ठेवत नाही. 'वन ग्रॅम' नावाने जे दागिने मिळतात त्यांच्याबाबतही हाच हिशेब मनात ठेवा. नाव वन ग्रॅम असलं म्हणून प्रत्येक नगावर ग्रॅमभर सोनं आहे असा अर्थ होत नाही. वस्तू चांदीची असून वर पाणी असेल, तर मात्र चांदीची किंमत येते. तिथे ९२५चा शिक्का शोधा.

मग गिलीटाला किंमतच नाही का? आहे. पण ती दागिन्याची किंमत आहे, ठेवीची नव्हे. नक्षीची, हौसेची, लग्नात उठून दिसण्याची. गाडीच्या गर्दीत निर्धास्त बसता येण्याचीही. घाम, अत्तर, साबणापासून जपलं तर पाणी टिकतं, गेलं तर पुन्हा देता येतं. त्वचेला पुरळ उठलं तर खालच्या थरातलं निकेल कारण असू शकतं, तेवढं पाहावं. गिलीट घालण्यात कमीपणा काहीच नाही. गिलीटाला गिलीट म्हटलं की ते प्रामाणिकच असतं. घोटाळा होतो तो नाव बदललं की. एखाद्या बाईने ज्याला अडीअडचणीचा आधार समजून वर्षानुवर्षं फडक्यात बांधून ठेवलं, ते ऐन वेळी नुसती शोभा निघावी, यासारखं दुःख नाही. आमच्या टेबलावर मी ते अनेकींच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. आपल्याकडे कित्येक बायकांच्या नावावर जमीन नसते, घर नसतं. अंगावर चार डाग असतात, तेवढीच त्यांची मालमत्ता. आणि त्या मालमत्तेचा सातबारा म्हणजे तो आतला बारीक शिक्का. तो त्यांना वाचून दाखवायला आपण कुणी बसत नाही.

आपाची एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्यात दरवर्षी सोनं-चांदी, शिल्लक रोकड यांचा हिशेब करून चाळीसावा हिस्सा जकात म्हणून गरिबांना देतात. आपाचा हिशेब चोख. रमजानमध्ये ती डबा उघडून बसायची, एकेक डाग तोलायची. त्या चार बांगड्यांची जकातही तिने सोळा वर्षं भरली होती. नसलेल्या सोन्याची जकात! बँकेतून परतताना रिक्षात मी हळहळून तसं बोललो. ती म्हणाली, "बांगड्या खोट्या होत्या रे. दिलेले पैसे तर खरे होते ना? कुणाच्या तरी चुलीला लागले असतील." मग थोडं थांबून म्हणाली, "पण तू बँकेत बसतोस. तू तरी आधी बघायला हवं होतंस."

त्या पहिल्या वाक्यावर मला कविता सुचायला हवी होती. सुचली नाही. दुसरं वाक्यच आत रुतून बसलं. त्यानंतर निवांत वेळ मिळाला की टेबलावर आलेल्या बाईला मी भिंग देऊ लागलो आणि म्हणू लागलो, "बघा, स्वतः वाचा."

भाची आता नर्स आहे. बोरमाळ कधीच सुटून घरी आली. बांगड्यांना भाचीने पुन्हा पाणी देऊन घेतलं आणि घरातल्या लग्नकार्यात त्याच घालते. कुणी "किती तोळ्याच्या?" असं विचारलं, की हसून सांगते, "दोन गुंजांच्या."

श्रोतेहो, या आठवड्यात एवढं करा. घरातल्या बाईमाणसाजवळ बसा, डबा उघडा, एक भिंग घ्या. प्रत्येक डागाचा शिक्का शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा आणि एका कागदावर लिहून ठेवा : काय आहे, किती वजनाचं, शिक्का काय, पावती आहे की नाही. शंका असेल तो नग तपासून आणा. निकाल काय यायचा तो येऊ दे. अडचण दारात उभी राहिल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.